१०८ वर फिरायला मिळेल का?

पत्र: माझा मुलगा ऐरोलीला राहून अकरावी सायन्स करतोय, पीसीबी ग्रुप. दहावीपर्यंत डॉक्टर व्हायचं म्हणायचा, आता पॅरामेडिक, म्हणजे ॲम्ब्युलन्सवर पेशंटला सांभाळणारा तंत्रज्ञ, व्हायचं म्हणतो. मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघतो. तिकडे म्हणे विद्यार्थ्यांना ॲम्ब्युलन्सबरोबर अख्खी शिफ्ट फिरू देतात. मे महिन्याच्या सुट्टीत १०८ वर असं फिरायला मिळेल का, म्हणून माझ्या मागे लागलाय. त्याचे बाबा म्हणतात, एवढं शिकून ॲम्ब्युलन्सवरच जायचं होतं तर सायन्स कशाला घेतलं? मला वेगळीच धास्ती आहे. काही भलतंसलतं बघून त्याच्या मनावर परिणाम झाला तर? – एक आई, ऐरोली

उत्तर:

ताई, नमस्कार.

सतरा वर्षांच्या मुलाने १०८ च्या गाडीत मागे बसून फिरायचं, अशी सोय आपल्याकडे रुजलेली नाही. आणि उद्या कोणी ओळखीचा भेटला, ‘पाठवा हो, बसवतो मी’ म्हणाला, तरी पाठवू नका. गाडीत मागे जागा असते केवढी? मधे स्ट्रेचर, डोक्याशी डॉक्टरांची खुर्ची, बाजूला एक अरुंद बाक. त्या बाकावर पेशंटची बायको नाहीतर भाऊ बसलेला असतो, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत जुने रिपोर्ट. तुमचा मुलगा तिथे बसला तर त्यांच्यातल्या एकाला रिक्षा करून मागून यावं लागेल. शिवाय अपघात, विषबाधा, भाजणं या सगळ्या मेडिकोलीगल, म्हणजे पोलिसांत नोंद होणाऱ्या केसेस. पुढे पोलिसांचे जबाब होतात, तेव्हा ‘गाडीत हा मुलगा कोण होता?’ हा प्रश्न त्या डॉक्टरांनाही नको असतो आणि तुम्हालाही नको असावा.

अमेरिकेचं म्हणाल तर मुलगा खोटं सांगत नाहीये. तिकडे ईएमटीच्या, म्हणजे ॲम्ब्युलन्सवरच्या प्रशिक्षित तंत्रज्ञाच्या, कोर्समध्येच सहसा ॲम्ब्युलन्सवरचे तास धरलेले असतात, आणि बरीच फायर डिपार्टमेंट्स साध्या नागरिकालाही हमीपत्र लिहून घेऊन एखाद्या शिफ्टला सोबत नेतात. पण वयाची अट तिथेही असते, आणि घरच्यांनी किंवा पेशंटने नको म्हटलं तर पाहुण्याने बाहेर थांबायचं असतं. व्हिडिओत हा भाग सहसा दिसत नाही.

आता मला खरं जे सांगायचंय ते. तुमच्या मुलाने जे काम व्हिडिओत पाहिलंय, ते महाराष्ट्रातल्या १०८ मध्ये बहुतांशी दुसराच माणूस करतो. २००५ मध्ये हैदराबादहून १०८ सुरू झाली आणि अनेक राज्यांत पसरली, तेव्हा तिथल्या गाड्यांवर असे ईएमटी बसवले गेले. आपल्याकडे २०१४ मध्ये ९३७ गाड्या रस्त्यावर आल्या. त्यातल्या २३३ ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्टच्या, म्हणजे गंभीर पेशंटसाठी जास्त उपकरणं असलेल्या, बाकी ७०४ बेसिकच्या. या गाड्यांवर डॉक्टर ठेवायचं ठरलं, आणि हे डॉक्टर बहुतेक बीएएमएस किंवा बीएचएमएस असतात. सोबत ड्रायव्हर, ज्याला सगळे ‘पायलट’ म्हणतात. म्हणजे १०८ च्या मागच्या खुर्चीत बसायचं असेल तर तुमच्या मुलाचा रस्ता ‘नीट’ परीक्षेतून जातो. आणि पॅरामेडिकच व्हायचं असेल तर त्याचं काम जास्त करून खासगी हॉस्पिटलच्या गाड्यांवर, इमर्जन्सी विभागात, इव्हेंटच्या स्टँडबायवर किंवा राज्याबाहेर. दोन्ही वाटा चांगल्याच आहेत. पण आपण कुठल्या वाटेवर आहोत हे त्याला बारावीचा फॉर्म भरण्याआधी कळायला हवं, आणि ते व्हिडिओवरून कळत नाही. म्हणून त्याने बघायला जावंच. फक्त चालत्या गाडीत नको.

मग कुठे? माझं मत विचाराल तर हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीच्या दाराशी. ॲम्ब्युलन्सच्या कामाचा सगळ्यात अवघड भाग तिथे उघड्यावर दिसतो, तो म्हणजे हँडओव्हर, पेशंट हॉस्पिटलच्या ताब्यात देणं. गाडी लागते, मागचं दार उघडतं. डॉक्टर चालता चालताच सांगत असतात: वय, काय झालं, किती वाजता, बीपी, ऑक्सिजन किती होता, काय दिलं. समोरची सिस्टर लिहून घेतेय की दुसऱ्याच पेशंटकडे बघतेय, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. मग चादरीची चार टोकं धरून पेशंट ट्रॉलीवर घ्यायचा. ट्रॉली रिकामी नसेल तर? तर पेशंट गाडीच्याच स्ट्रेचरवर राहतो. स्ट्रेचर परत मिळेपर्यंत गाडी हलत नाही, आणि तोवर घोडबंदर रोडला किंवा उरण फाट्याला कोणीतरी दुसऱ्या गाडीची वाट बघत असतं. हे पाहून ज्याला चीड येते आणि तरीही दुसऱ्या दिवशी यावंसं वाटतं, त्याने या क्षेत्राचा विचार करावा. बरेचसे कॉल तर शिफ्टिंगचे असतात, एका हॉस्पिटलमधून दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात. सायरनपेक्षा कागदपत्रं जास्त.

दुसरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे उभी गाडी. शिफ्ट सुरू होताना ऑक्सिजन सिलिंडरचा काटा, सक्शन मशिन, एईडीची (हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्राची) बॅटरी, घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा, औषधांच्या एक्स्पायरीच्या तारखा, सगळं तपासलं जातं. मुलांना हे कंटाळवाणं वाटतं. तुमच्या मुलाला वाटतं का, ते बघा.

रक्ताची भीती. पहिल्यांदा बघताना चक्कर येणं हे शरीराचं काम आहे, स्वभावाचं नाही. मेडिकलची पहिल्या वर्षाची धडधाकट मुलं भिंतीला धरून खाली बसतात. त्याला एवढंच शिकवा, की पोटात काहीतरी घालून जायचं, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली तर लाज न बाळगता जमिनीवर बसायचं. उभ्याने कोसळला तर सिस्टरचं काम वाढतं. मला काळजी वाटते ती वेगळ्या मुलाची. जो घरी येऊन काहीच बोलत नाही आणि रात्री झोपत नाही. तेव्हा त्या दिवशी जेवताना त्याच्याशी बोला. काय पाहिलं हे खोदून विचारू नका, कोण कसं वागलं ते विचारा.

त्याच्या बाबांना मात्र मी दोन शब्द ऐकवणार. ‘ॲम्ब्युलन्सवर जाणं’ हे खालचं काम मानायची सवय आपल्याला हे वाहन फक्त नेआण करायचं म्हणून वापरल्यामुळे लागली. २००९ मध्ये इमर्जन्सी मेडिसिन ही एमडीची वेगळी शाखा म्हणून मान्य झाली आणि २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात इमर्जन्सी तंत्रज्ञांनाही जागा मिळाली. कॉलेज निवडताना मात्र डोळ्यांत तेल घालून बघा: पदवी कुठल्या विद्यापीठाची, स्वतःचं हॉस्पिटल आहे का, कॅज्युअल्टीत आणि ॲम्ब्युलन्सवर किती तास मिळतात. ‘प्लेसमेंट १०० टक्के’ असं मोठ्या अक्षरात लिहून हे तास न सांगणारी संस्था मी दारातूनच परत पाठवते.

या सुट्टीत काय करायचं ते सांगते. आधी सेंट जॉन ॲम्ब्युलन्स किंवा रेडक्रॉसचं प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र. त्यात सीपीआर हाताने शिकेल: मिनिटाला १०० ते १२० दाब, छाती पाच-सहा सेंटिमीटर खाली. पुतळ्यावर दोन मिनिटं करून बघितलं की दंड भरून येतात आणि व्हिडिओतला हिरो गळून पडतो. रस्त्यावरच्या अपघातात कोणाला मदत केली तर पोलिसांच्या कचाट्यात सापडू ही तुमची भीती असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातलं कलम १३४अ चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. प्रमाणपत्र हातात आलं की कॉलेजच्या एनएसएसमार्फत एखाद्या मॅरेथॉनच्या नाहीतर दहीहंडीच्या प्रथमोपचार केंद्रावर स्वयंसेवक म्हणून उभं राहता येईल. ठाण्यातली दहीहंडी म्हणजे मोचलेले घोटे, निखळलेले खांदे आणि कधी त्याहून वाईट. शेजारी ॲम्ब्युलन्स उभीच असते, आणि रिकाम्या वेळात पायलट भरपूर बोलतात.

कॅज्युअल्टीसाठी अर्ज कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीने, हॉस्पिटलच्या वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे द्या. सोबत तुमचं संमतिपत्र. ‘रुग्णवाहिकेसोबत फिरण्याची परवानगी’ असं लिहिलंत तर फाइल तिथेच थांबेल. ‘विभाग व उभ्या रुग्णवाहिकेची पाहणी, दोन तास, रुग्णाशी संपर्क नाही, मोबाइल जमा’ असं लिहा. अकरावीच्या मुलाला नकार येऊ शकतो. आला तर दुसऱ्या हॉस्पिटलात द्या, सरकारी आणि खासगी दोन्हीकडे. मे महिन्यात जायचं असेल तर अर्ज मार्चमध्येच टाका आणि दर आठवड्याला स्वतः जाऊन विचारा. हे विचारायला त्यालाच पाठवा, तुम्ही जाऊ नका.