ऑस्ट्रेलियाच्या ताटात कोणाकोणाचं काय? वाचकांचे प्रश्न

या वेळी ऑस्ट्रेलियातल्या खाण्यापिण्याबद्दल एवढे मेसेज आले की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले. आपल्याकडची पोरंपोरी तिकडं शिकायला, कामाला जायला लागली आणि घरच्यांची पहिली काळजी हीच असते की पोट्टं तिकडं खातं काय. तर घ्या एकेक.

प्रश्न : माझा पोरगा मेलबर्नले शिकाले गेला. फोनवर म्हणते, बाबा, या लोकायचं सोताचं असं जेवणच नाही, कोणी इटालियन खाते, कोणी चायनीज, कोणी आपलं इंडियन. एवढा मोठा देश, मंग सोताचं जेवण काहून नसन? (एक वाचक, आर्णी, जि. यवतमाळ)

काका, पोरगा जे पाहतोय तेच तिथलं जेवण आहे. २०२१ च्या जनगणनेत तिथले २७.६ टक्के लोक देशाबाहेर जन्मलेले निघाले, म्हणजे चारातला एक तर बाहेरून आलेलाच. १७८८ मध्ये इंग्रजांनी कैद्यांची जहाजं सिडनीला उतरवली तेव्हा सोबत पीठ आणि खारवलेलं मांस होतं, पुढं मेंढ्या वाढल्या तसं मटण आलं, चहासाखर आली, आणि मग कितीतरी पिढ्या गोऱ्या घरांत मटण, पाव, बटाटा, चहा हेच चाललं.

ताजा भाजीपाला बऱ्याच गावांना कोणी खाऊ घातला माहीत आहे का? चिनी लोकांनी. १८५० नंतर तिकडं सोनं निघालं तेव्हा चीनमधून हजारोंनी माणसं आली, सोनं आटल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांनी नदीकाठी, गावाकाठी भाजीचे मळे केले, कावडीनं पाणी घालून कोबी, मुळा पिकवायचे आणि दारोदार विकायचे. आणि त्याच लोकांना बाहेर ठेवायला १९०१ मध्ये कायदा केला, गोऱ्यांशिवाय कोणी येऊ नये म्हणून, ते धोरण पुरतं जायला १९७३ उजाडलं. ज्यांच्या हातची भाजी रोज खायची त्यांनाच देशात नको म्हणायचं, हे मला वाचताना फार लागतं.

त्यांच्या खाण्याचं काय झालं तेही सांगतो. बेंडिगोकडचा फ्रँक मॅकेन्क्रो नावाचा एक गोरा, बॉयलर बनवणारा कारागीर, त्यानं फुटबॉलच्या मैदानाबाहेर चिनी स्प्रिंग रोल विकताना पाहिले, ते हातात धरायला नाजूक वाटले म्हणून जाड पारीचा, आत कोबी, गाजर, जव आणि गोमांस भरलेला, एका हातात धरून उभ्याउभ्या खाता येईल असा रोल बनवला आणि १९५१ मध्ये वागा वागा गावच्या कृषी प्रदर्शनात विकायला ठेवला. तो चिको रोल आज तिथं पक्का ऑस्ट्रेलियन पदार्थ समजतात. (तुमच्याकडं चालत नसेल तर पोराला आधीच सांगून ठेवा, त्यात गोमांस असतं.)

लहानलहान गावांत ग्रीक लोकांची कॅफे आणि दुधाची दुकानं दुसऱ्या महायुद्धाआधीपासूनच होती, युद्धानंतर इटालियन आणि ग्रीक आणखी मोठ्या संख्येनं आले, कॉफीची मशिनं आली, आज मेलबर्न कॉफीसाठी नावाजलेलं आहे ते त्यांच्यामुळं. १९७५ नंतर व्हिएतनामची माणसं युद्धातून जीव वाचवून आली, त्यांचा बान मी, म्हणजे कुरकुरीत लांब पावात मांस, काकडी, लोणच्यातलं गाजर, हिरवी मिरची आणि आपला सांबार (म्हणजे कोथिंबीर), तो आता तिकडं कामावरच्या माणसांचा दुपारचा डबा झालाय. पोराला म्हणा कोबी, गाजर, मिरची बघितली की विचार, ही इथं कोणी आणली. प्रत्येक वेळी कोणीतरी माणूस सापडेल.

प्रश्न : मी मेळघाटात शाळेत शिकवतो. माझे बरेच विद्यार्थी कोरकू आहेत. ऑस्ट्रेलियातले मूळ आदिवासी काय खात होते आणि ते ज्ञान आज टिकलंय का? पुस्तकात फक्त कांगारू दिसतो. (एक शिक्षक, धारणी)

सर, तुमचा प्रश्न सगळ्यात मोठा आहे, म्हणून जागाही जास्त घेतो.

त्या खंडावर माणूस निदान ५०,००० वर्षांपासून आहे, काही ठिकाणचे पुरावे त्याहून मागं जातात. न्यू साउथ वेल्समधल्या कडी स्प्रिंग्ज इथं दगडी पाटे सापडलेत, सुमारे ३०,००० वर्षं जुने, त्यावर गवताचं बी दळायचे असं अभ्यासक सांगतात. बी गोळा करायचं, पाखडायचं, पाण्यासोबत वाटायचं आणि गोळा करून गरम राखेत भाजायचं. आपले रोडगे गोवऱ्यांच्या आरात भाजतात ना, अगदी तसंच. पुढं गोऱ्या गुराख्यांनी गव्हाच्या पिठाचा असाच राखेतला पाव करायला घेतला, त्याला डँपर म्हणतात, आणि आज डँपर म्हटलं की लोकांना गोरा गुराखीच आठवतो.

ते फक्त शिकार करून, फळं वेचून जगत होते असं मुलांना शिकवू नका. व्हिक्टोरिया राज्यात बज बिम म्हणून जागा आहे, तिथं गुंडिचमारा लोकांनी ज्वालामुखीच्या दगडांतून पाट काढून, बांध घालून ईल मासे अडवायची आणि वाढवायची व्यवस्था केली, ती निदान ६,६०० वर्षं जुनी आहे, २०१९ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून तिची नोंद घेतली.

आता नारडूची गोष्ट, ही वर्गात नक्की सांगा. १८६० मध्ये बर्क आणि विल्स हे दोघे मोठी मोहीम घेऊन मेलबर्नहून उत्तरेकडं निघाले. उंट कराचीहून आणलेले, उंटांसोबत हिंदुस्थानातली माणसं. त्यात सामला नावाचा एक हिंदू होता, त्याला दिलेला मांसाचा शिधा धर्मामुळं चालेना, नुसत्या पाव-पाण्यावर दिवस काढले आणि शेवटी तो मोहीम सोडून परतला. परतीच्या वाटेवर बर्क, विल्स आणि किंग नावाचा सोबती कूपर क्रीकपाशी अडकले, अन्न संपलं. तिथं यांद्रुवांधा लोक राहत होते, त्यांनी मासे दिले, नारडूची भाकर दिली. नारडू म्हणजे पाण्यातली एक चार पानांची वनस्पती, त्याच कुळातली आपल्या भंडारा-गोंदियाकडं धानाच्या बांधीत दिसते. तिच्या टणक गाठी यांद्रुवांधा बायका आधी भाजायच्या, मग पाण्यासोबत वाटायच्या, टरफल काढायच्या. गोऱ्यांनी पीठ करायचं तेवढं पाहिलं, बाकीच्या पायऱ्या पाहिल्या नाहीत. त्या गाठीत असं द्रव्य असतं जे शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व मोडतं, नीट प्रक्रिया केली तर ते निघून जातं. विल्सनं डायरीत लिहून ठेवलंय की पोटभर खातोय तरी अंगातलं बळ जातंय. आजचे जाणकार म्हणतात की त्यांना बेरीबेरी झाला असावा. त्यात बर्कनं जवळ येणाऱ्या त्या लोकांना बंदूक उडवून हुसकावलं. १८६१ मध्ये दोघंही तिथंच मेले. किंग मात्र यांद्रुवांधांच्या वस्तीत जाऊन राहिला, त्यांनी त्याला खाऊ घातलं, सांभाळलं, आणि सप्टेंबरमध्ये शोधपथक आलं तेव्हा तो जिवंत होता. अन्न तिघांच्याही समोर सारखंच होतं सर, जगला तो ज्यानं त्या लोकांचं ऐकलं.

ज्ञान टिकलं का विचारता, तर टिकलं, पण त्यावर फार मार बसला. जमिनी मेंढ्यांच्या कुरणात गेल्या, लोकांना मिशनमध्ये, सरकारी वस्त्यांत आणि मोठ्या फार्मवर आणून ठेवलं, मजुरीच्या जागी बऱ्याचदा पीठ, साखर, चहा एवढाच शिधा हातावर ठेवला. पिढ्यान्‌पिढ्या असा शिधा खाल्ल्यावर आज त्या समाजात मधुमेह इतरांपेक्षा खूप जास्त आहे. तरी मध्य ऑस्ट्रेलियात अजूनही बायका जमीन खणून मधाच्या मुंग्या काढतात, त्या मुंगीचं पोट मधानं द्राक्षासारखं फुगलेलं असतं, ते तोंडात धरून चोखायचं. झाडाच्या मुळातली पांढरी अळी, विचेटी ग्रब, ती राखेत भाजतात. क्वीन्सलँडमध्ये बुन्या नावाचं झाड आहे, त्याचं एकेक फळ १० किलोपर्यंत भरतं, जोरदार बहर दर तीनेक वर्षांनी येतो, तेव्हा दूरदूरचे समाज तिथं जमायचे, भांडणं मिटायची, सोयरिकी जुळायच्या. तुमच्या मुलांना विचारा की त्यांची आजी पावसाळ्यात कोणती रानभाजी दोन पाण्यातून काढल्याशिवाय खाऊ देत नाही, आणि सांगतील ते वहीत लिहून घ्यायला लावा.

प्रश्न : व्हेजमाइट म्हणजे काय? नणदेच्या पोरीनं डबी आणली, लय खारट लागते. शाकाहारी आहे का? (एक वाचक, पुसद)

ताई, शाकाहारी आहे. पावाला लावायची ही खारट पेस्ट, बिअर बनवून उरलेल्या यीस्टपासून १९२३ मध्ये मेलबर्नला सिरिल कॅलिस्टर यांनी बनवलं. पोळीला जॅमसारखं थापू नका, भाजलेल्या पावावर आधी लोणी लावा आणि मग अगदी पुसल्यासारखं लावा. बी जीवनसत्त्वं भरपूर असतात.

प्रश्न : मी हरभरा पेरतो. बातम्यात येते का ऑस्ट्रेलियाचा चना आला, भाव पडले. ते लोक सोता चना खातेत का, का फक्त आमच्यासाठीच पेरतेत? (एक शेतकरी, मंगरूळपीर, जि. वाशीम)

दादा, खरं सांगायचं तर देशी हरभरा ते मुख्यतः आपल्यासाठी, पाकिस्तानसाठी आणि बांगलादेशसाठीच पेरतात. क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागातल्या काळ्या जमिनीत हे पीक घेतात, पेरा मे-जूनचा आणि काढणी ऑक्टोबरपासून, म्हणजे त्यांचा माल आपला हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघायच्या आधीच बाजारात तयार. तुमच्या भावाचं दुखणं इथं आहे. सरकारनं डिसेंबर २०१७ मध्ये ३० टक्के आयात शुल्क लावलं, मार्च २०१८ पर्यंत ते ६० टक्क्यांवर नेलं, तेव्हा तिकडचा शेतकरी अडचणीत आला, मग मे २०२४ मध्ये शुल्क काढलं तर तिकडं पेरा वाढला आणि इकडं तुम्ही चिंतेत, पुढं एप्रिल २०२५ पासून १० टक्के केलं. पेरणीच्या वेळी शुल्क किती आणि काढणीच्या वेळी किती याचा भरवसा ना तुम्हाला ना त्याला, आणि माझं स्पष्ट मत आहे की शुल्काचा निर्णय पेरणीच्या आधी जाहीर व्हायला पाहिजे.

खाण्याचं म्हणाल तर गोऱ्या घरात काबुली चना लेबनानी लोकांच्या हमसमुळं (उकडलेल्या चन्याची वाटलेली चटणी) पोचला. देशीची डाळ आणि बेसन तिथली भारतीय घरं खातात, आणि ती काही थोडी नाहीत, २०२१ च्या जनगणनेत परदेशात जन्मलेल्यांमध्ये इंग्लंडनंतर दुसरा नंबर भारताचा होता. वूलगूल्गा नावाच्या गावात तर पंजाबी शिखांनी कितीतरी वर्षं केळीच्या बागा केल्या, १९६८ मध्ये त्यांनी तिथं गुरुद्वारा बांधला, तिथलं लंगर सगळ्यांसाठी असतं.

प्रश्न : आमचा बचत गट मोहाचे लाडू आणि चारोळी विकतो. तिकडच्या आदिवासी बाया असं काही विकतात काय, त्यांना भाव मिळतो काय? (बचत गटाच्या एक ताई, ता. धानोरा, जि. गडचिरोली)

ताई, विकतात. काकाडू प्लम म्हणून एक फळ आहे, आपल्या हिरडा-बेहड्याच्याच कुळातलं, त्यात क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट. उत्तरेकडच्या आदिवासी बाया ते रानात वेचतात, पल्प आणि भुकटी होऊन ते हॉटेलांत, औषधांत, क्रीममध्ये जातं. बाभळीच्या कुळातल्या काही तिकडच्या झाडांचं बी भाजून दळतात, त्याला कॉफीसारखा वास येतो, ते केकमध्ये, आइस्क्रीममध्ये घालतात. (आपल्याकडं सडकेच्या कडेला ऑस्ट्रेलियन बाभूळ लावलीय तिचं बी मात्र उगाच खाऊन पाहू नका, सगळ्याच जातींचं चालत नाही.)

भावाचं विचाराल तर उत्तर चांगलं नाही. या रानमेव्याच्या धंद्यातला फार थोडा वाटा मूळ लोकांच्या हातात पडतो. मॅकाडेमिया हा मुळात क्वीन्सलँडच्या रानातला मेवा, तिथले लोक पूर्वापार खात आलेले, पण त्याचा मोठा धंदा पहिल्यांदा उभा केला तो हवाईमधल्या बागायतदारांनी. काकाडू प्लमच्या अर्कावर एका परदेशी सौंदर्यप्रसाधन कंपनीनं पेटंटचा अर्जही केला होता, ऑस्ट्रेलियात विरोध झाला म्हणून तिथं तो पुढं गेला नाही. आता उत्तरेकडच्या काही आदिवासी संस्थांनी काकाडू प्लमसाठी एकी केलीय, माल एकत्र विकायचा आणि कोणत्या समाजानं वेचला ते सांगायचं.

तुमच्याकडं एक गोष्ट त्यांच्यापेक्षा पक्की आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क मान्य केलाय, आणि तुमच्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना स्वतःच्या हातात घेऊन दाखवला. तेव्हा मोह आणि चारोळीचा ठराव ग्रामसभेत करून घ्या, व्यापाऱ्याला सुटा माल देऊ नका, आणि लाडवाच्या पाकिटावर गावाचं नाव, गटाचं नाव, मोह कोणत्या महिन्यात वेचला ते छापा. पाकीट झालं की एक फोटो पाठवा, पुढच्या अंकात छापतो.