आबांच्या ताटाभोवतीचं पाणी

लाडक्या चिऊ,

काल जेवताना तू विचारलंस, "आबा ताटाभोवती पाणी का फिरवतात? आणि टेबलावर भाताची शितं का ठेवतात? हे फक्त आपणच करतो का?" मी घाईत म्हणाले, "मुंग्या येऊ नयेत म्हणून." ते उत्तर मला रात्रभर टोचत राहिलं, म्हणून ड्यूटीला निघायच्या आधी लिहितेय.

आज आबांकडे नीट बघ. आधी 'वदनी कवळ घेता' म्हणतात. मग हातात पाणी घेऊन ताटाभोवती फिरवतात आणि उजव्या बाजूला भाताचे चिमूट-चिमूट घास मांडतात. त्याला चित्राहुती म्हणतात. त्यातला एक चित्रगुप्ताचा, म्हणजे यमाकडे आपल्या कर्मांचा हिशेब ठेवणाऱ्याचा, आणि एक सगळ्या जिवांचा. आपण खायच्या आधी दुसऱ्याचा वाटा निघतो. मुंगीचासुद्धा. माझं उत्तर अगदी उलटं होतं बघ.

आणि नाही, फक्त आपणच नाही. अलिबागला आमच्या घराजवळ इस्रायल आळी आहे. तिथली बेने इस्रायल माणसं ज्यू, पण घरात मराठीच बोलायची. मन्नत फेडायची असली की त्यांच्या प्रेषिताच्या, एलियाहू हन्नाबीच्या, नावाने मलिदा करायची. ओले पोहे, खोवलेला नारळ, साखर, वेलची, वर फळं. झाडाच्या फळासाठी वेगळी प्रार्थना, जमिनीतून आलेल्यासाठी वेगळी. लहानपणी मी हात पुढे करून थांबायचे आणि त्या प्रार्थना संपता संपायच्या नाहीत. आता वाटतं, ते थांबणंच महत्त्वाचं होतं. माझ्या वॉर्डातली मैत्रीण दिवसभराचा रोजा सोडताना 'बिस्मिल्लाह' म्हणते आणि डबीतला एक खजूर आधी माझ्या हातावर ठेवते. मी मात्र उभ्याने, फोन बघत डबा संपवते आणि काय खाल्लं तेही आठवत नाही. हे मला बदलायचंय.

आता एक गोष्ट, जी तुला कळायलाच हवी. आपल्याकडे अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणारी माणसंच जात बघून पंगती वेगळ्या मांडायची. कितीतरी जणांना तर पंगतीत जागाच नसायची. मला याची लाज वाटते. ज्यांना हे सहन झालं नाही अशी माणसंही आपल्यातच झाली. पैठणच्या एकनाथांनी श्राद्धाचा स्वयंपाक अस्पृश्य मानलेल्या भुकेल्यांना वाढला, अशी कथा सांगतात. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळ गोपाळपुरात वारकरी काला करतात, लाह्या-दही एकमेकांच्या तोंडात भरवतात. तू ब्रॅम्प्टनच्या गुरुद्वारात लंगरला बसली होतीस ना, जमिनीवर, ओळखी-अनोळखी सगळ्यांच्या ओळीत? घरी येऊन म्हणालीस, "आई, कुणी विचारलंच नाही मी कोण." प्रार्थना कुठलीही असो, तिच्यानंतर कोणाला वाढलं जातं, हे मी बघते.

चित्राहुती घालायची ती मुंज झालेल्या पुरुषांनीच, असं आमच्या घरी होतं. मी कधीच घातली नाही. आज आबांना विचार, एक घास तुला ठेवू देतील का. ते काय म्हणाले ते मला सकाळी सांग. वरण-भात गॅसवर झाकून ठेवलाय.

तुझी,
आई