पेसमेकरची वायर बनवायचीय? मग मेटलर्जीचा विचार करा

मानेवाड्याहून एका वडिलांचा मेल आलाय. पोरगी बारावीला, आजीला पेसमेकर बसवला तेव्हा डॉक्टरांनी ती बारीक वायर दाखवली आणि तेव्हापासून ती म्हणते मला हेच बनवायचंय. यांना वाटतं कॉम्प्युटर घ्यावं, आणि ऐकतच नसेल तर बायोमेडिकल ब्रँच शोधायची का, असं विचारलंय.

भाऊ, पोरीचं ऐका. पण पहिल्या डिग्रीलाच बायोमेडिकल हवं असा हट्ट नको. त्या वायरीतलं खरं अवघड काम मटेरियलचं आहे, धातू जिथे शरीराला टेकतो तिथलं. बारावीच्या केमिस्ट्रीत इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचा धडा आहे ना, तेच. शरीरात सगळीकडे खारं पाणी, त्यात करंट एकाच दिशेने सोडत राहिलं की पाण्याचं विघटन होतं, गॅस निघतो, धातू झिजतो आणि आजूबाजूच्या पेशींना इजा होते, म्हणून वायरीच्या टोकाने हृदयाला विजेची पल्स दिली की लगेच तेवढाच चार्ज उलट्या दिशेने काढून घेतात. धातू सहसा प्लॅटिनम-इरिडियम, त्यावर टायटॅनियम नायट्राइड किंवा इरिडियम ऑक्साइडचा खडबडीत थर, म्हणजे टोक दिसायला एवढंसं पण खरा पृष्ठभाग कितीतरी जास्त.

आणि वायर टिकायलाही हवी. हृदय दिवसाला साधारण 1 लाख ठोके देतं, दर ठोक्याला ती वाकते, म्हणून आत तारेची गुंडाळलेली कॉइल, वरून सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेन. शिवाय शरीर परक्या वस्तूभोवती व्रणासारखा थर चढवतं, मग जास्त व्होल्टेज लागतं आणि बॅटरी लवकर संपते, म्हणून टोकाशी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ठेवतात, हळूहळू झिरपत राहतं. मला तर यातली सगळ्यात सुंदर आयडिया हीच वाटते. मेंदूत बसवायच्या इलेक्ट्रोडचं, म्हणजे अशाच वीज देणाऱ्या टोकांचं, अजून बरंच काम बाकी आहे, मेंदू इतका मऊ की कडक धातूचं त्याच्याशी जमत नाही, त्यासाठी वीज वाहणाऱ्या मऊ पॉलिमरवर रिसर्च चालू आहे.

आता ॲडमिशन. जेईई मेन चांगली गेली तर आपल्या नागपूरच्या व्हीएनआयटीत मेटलर्जिकल अँड मटेरियल्स, म्हणजे धातू आणि मटेरियलची ब्रँच आहे. कॉम्प्युटर नाही मिळालं म्हणून ही ब्रँच घेणारे बरेच असतात, तुमच्या पोरीने ती आवडीने पहिल्या नंबरवर टाकावी. नाहीच जमलं तर सीईटीवरून नागपुरातल्याच एलआयटीत केमिकल, पॉलिमरकडचं बघा. पुढे एम.टेक.साठीची गेट परीक्षा द्यायची, त्यात 2020 पासून बायोमेडिकलचा वेगळा पेपर आहे, आणि मग आयआयटी बॉम्बे किंवा तिरुवनंतपुरमची श्री चित्रा ही संस्था, जिथे आपला भारतीय बनावटीचा हार्ट व्हॉल्व तयार झाला.

एक गोष्ट मात्र घरात आत्ताच बोलून ठेवा. नुसत्या बी.टेक.वर या कामात शिरणं कठीण, एम.टेक. लागेलच, डिझाइनच करायचं तर बहुधा पीएचडी, आणि तोवर कॉम्प्युटरवाल्या मैत्रिणींचे पगार सुरू झालेले असतील. तेवढा धीर तुम्हा दोघांना असेल तर बिनधास्त जा. जेईईचा निकाल लागला की ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी पर्सेंटाइल कळवा, आणि तो मेल तिला स्वतः लिहू द्या.