हीटरच्या आकड्यावर जाऊ नकोस

माशांच्या टाकीतल्या हीटरच्या तापमानाच्या चकतीवर २६ लिहिलंय म्हणून पाणीही २६ अंशांवर असेलच असं नाही. माझा एक हीटर २६ वर ठेवला की पाणी २८ ला जायचं. शेवटी २४ वर ठेवून काम भागवलं. म्हणून वेगळा थर्मामीटर घे आणि हीटरपासून लांबच्या कोपऱ्यात लाव. हीटर मात्र फिल्टरच्या धारेजवळच हवा. पाणी फिरलं नाही तर त्याच्या आजूबाजूचंच तेवढं तापतं, तो लगेच बंद होतो आणि बाकीची टाकी गारच राहते. चकती जराशी फिरवली की दिवसभर हात लावायचा नाही (हेच सगळ्यात अवघड!). हीटर घेताना टाकीतल्या पाण्याच्या लिटरला साधारण १ वॅट पुरतो. पाणी बदलण्याआधी हीटरचा प्लग काढून १५-२० मिनिटं थांब, नाहीतर त्याची गरम काच गार पाण्याने तडकू शकते.