नर्सेसच्या कामाच्या ताणावर ध्यान, माइंडफुलनेसचा खरंच उपयोग होतो का? शिफ्टमध्ये वेळ कुठून काढायचा?

उपयोग होतो, आणि त्यासाठी शिफ्टमध्ये वेगळा वेळ काढावा लागत नाही. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेला माइंडफुलनेसचा (आत्ता जे चालू आहे त्याकडे जाणीवपूर्वक लक्ष देण्याचा) मूळ कार्यक्रम ८ आठवड्यांचा आहे, रोज साधारण ४५ मिनिटांच्या सरावासह. तो किंवा त्याची आटोपशीर रूपं वापरून नर्सेसवर अभ्यास झाले आहेत. ताण कमी वाटल्याचं अनेकींनी नोंदवलं आहे (अभ्यास बहुतेक छोटे आहेत, हे धरून चाला). पण नाइट संपवून ४५ मिनिटं बसणार कोण?

त्यापेक्षा हँडरबची, म्हणजे हातांना सॅनिटायझर चोळण्याची, वेळ वापरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीप्रमाणे हात नीट चोळायला २० ते ३० सेकंद लागतात आणि ते तुम्हाला प्रत्येक पेशंटआधी करायचंच असतं. तेवढ्यात खांदे सैल सोडा, श्वास सावकाश बाहेर टाका, तळव्यांना लागणारा गारवा आणि बोटांच्या बेचक्यांतली हालचाल जाणवू द्या. मन मागच्या बेडवरच्या अलार्मकडे पळेल. पळू द्या, पुन्हा हातांवर आणा. हे परत आणणं म्हणजेच सराव. मन कोरं करायचं नसतं.

मात्र ड्युटीवर माणसंच कमी असतील, डबल शिफ्ट लागत असतील, तर ते श्वासाने सुटणार नाही. बर्नआउटला (कामाने पार थकून, रिकामं होऊन जाण्याला) जागतिक आरोग्य संघटनाही कामाच्या ठिकाणच्या दीर्घ ताणाशीच जोडते. तिथे रोस्टरबद्दल मेट्रनशी बोलणंच भाग आहे, तेही लेखी.