नव्या नोकरीत आधी एवढंच सांभाळ

नागपूरजवळच्या बुटीबोरीत पहिली नोकरी लागली, अभिनंदन! सुरुवातीला फार काही नको, एवढंच कर.

१. चूक झाली की त्याच दिवशी स्वतःच्या तोंडाने सांग. मी एकदा स्टॉक रजिस्टरात ४० च्या जागी ४०० लिहिलं अन् दोन दिवस गप्प बसलो. बोलणी खाल्ली स्टोअरमधल्या काकांनी. ते अजून टोचतं.

२. कौतुक नेमकं कर, चारचौघांत कर. नुसतं 'छान' नको. 'तुम्ही चलान पुन्हा तपासलं म्हणून गाडी वेळेत सुटली' असं म्हण.

३. घरी जाताना आठव, आज कुणावर आवाज चढला? मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की माणूस उगाच खेकसतो. दुसऱ्या दिवशी जाऊन सॉरी म्हण.

नवीन पोरं हमखास फसतात ती टपरीवर. तर्री-पोहे खाताना गैरहजर माणसाची उणीदुणी निघाली की तू विषय बदल. साहेबांशी मतभेद वगैरे सहा महिन्यांनी बोलू.