गोडाऊनमध्ये रोबो आणायचाय, घेऊ का?

प्रश्न : नमस्कार. तुर्भ्याला एमआयडीसीत माझं टू-व्हीलर स्पेअर पार्टचं गोडाऊन आहे, ३५०० आयटम, कामाला ५ पोरं. सकाळी गॅरेजवाल्यांच्या ऑर्डरी एकदम येतात, पोरं रॅकमधून नुसती पळत असतात, तरी चुकीचा पार्ट जातोच. कुठला माल कुठे ठेवलाय ते खरं एकाच जुन्या माणसाला माहितीये, तो गणपतीला गावी गेला की आमचं अर्धं काम ठप्प. मुलगा म्हणतो रोबो बसवा. घेऊ का? – एक वाचक, तुर्भे

उत्तर : दादा, मी तुमच्या पत्रात त्या गावी जाणाऱ्या माणसापाशीच अडकलो. त्याच्या डोक्यात जे आहे ते कॉम्प्युटरमध्ये येत नाही तोवर रोबोला तुमच्याकडे काहीच सापडणार नाही, कारण रोबो माल शोधत बसत नाही, त्याला पत्ता द्यावा लागतो.

रोबो वाचवतो काय, तर चालणं. माल काढणाऱ्या माणसाचा साधारण अर्धा वेळ चालण्यात जातो. अमेरिकेत वेबव्हॅन नावाची ऑनलाइन किराणा कंपनी होती, ती २००१ ला बुडाली, तिथे काम केलेल्या मिक माउंट्झने ऑर्डर भरण्याचा खर्च किती जड जातो ते जवळून बघितलेलं, म्हणून २००३ ला त्याने किवा नावाची रोबो बनवणारी कंपनी काढली आणि सगळं उलटं केलं, माणसाने रॅककडे जायचंच नाही, रॅकनेच माणसाकडे यायचं. चपटा रोबो रॅकच्या खाली शिरतो, अख्खा रॅक उचलतो, जमिनीवरचे कोडचे स्टिकर वाचत वाचत स्टेशनला, म्हणजे माणूस उभा राहून माल काढतो त्या जागी, आणून उभा करतो. अमेझॉनने २०१२ ला ती कंपनी ७७.५ कोटी डॉलरला घेतली. आपल्याकडे सुरू झालेली ग्रेऑरेंज नावाची कंपनीही असे रोबो बनवते.

पण याला फरशी एकदम सपाट लागते, आणि जुन्या शेडमधली कोबा फुटलेली, पावसाळ्यात ओल येणारी जमीन त्याला चालत नाही. दुसरा प्रकार नॉर्वेच्या ऑटोस्टोरचा, डबे एकावर एक रचलेले आणि वरून रोबो फिरतात, पण तुमचा सायलेन्सर त्या डब्यात मावणारच नाही. त्यातली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे, जो डबा सारखा लागतो तो काढून परत ठेवताना वरच राहतो, न लागणारे आपोआप तळाला जातात. हे तुम्ही रोबोशिवाय करू शकता. ३ महिन्यांची बिलं काढा, ब्रेक शू, क्लच केबल, एअर फिल्टर असले सारखे जाणारे आयटम पॅकिंग टेबलाजवळ कमरेच्या उंचीला आणा, वर्षातून दोनदा जाणारे मागे न्या.

त्याआधी प्रत्येक कप्प्याला नंबर द्या, रॅक, मग लेव्हल, मग कप्पा, आणि बारकोड चिकटवा. त्या जुन्या माणसाला सोबत घेऊनच हे करा हो, आणि त्याला नीट सांगा की तुला काढायला नाही करत, तुझं डोकं आम्हाला पाहिजे म्हणून करतोय. दोन मॉडेलच्या दिसायला सारख्या केबल शेजारी शेजारी ठेवू नका, निम्म्या चुका तिथेच होत असणार असं मला वाटतं. हँडहेल्ड स्कॅनर घ्या, कप्पा स्कॅन केल्याशिवाय माल बाहेर नाही. रोज थोडे कप्पे मोजा, कॉम्प्युटरमधला आकडा आणि हातातला माल जुळतोय का बघा. हे ६ महिने टिकलं आणि तरी पोरं चालूनच दमतायत असं दिसलं, तर मग महिन्याच्या भाड्याने मिळणारे रोबो बघा, विकत आत्ता नको. मुलाला म्हणावं हा पहिला टप्पा तूच हातात घे.

प्रश्न : मी भिवंडीजवळ मोठ्या वेअरहाऊसमध्ये पिकर आहे, म्हणजे ऑर्डरीप्रमाणे माल काढते. रोबो आल्यापासून चालणं संपलं पण एकाच जागी उभं राहून खांदे भरून येतात, टार्गेटही वाढलं. पुढे आमची गरज राहील का? – एक वाचक, कळवा

उत्तर : ताई, तुमची तक्रार खरी आहे. अमेझॉनच्या अमेरिकेतल्या वेअरहाऊसच्या दुखापतींच्या नोंदी २०२० मध्ये तिथल्या पत्रकारांनी तपासल्या, तर रोबो असलेल्या ठिकाणी प्रमाण जास्त निघालं. चालणं कमी होतं, पण तीच हालचाल दिवसभर होत राहते.

नोकरीचं म्हणाल तर रॅक आणून देणं मशीनला सोपं, खोक्यातल्या दहा वस्तूंमधून एक नेमकी उचलणं अवघड. अमेझॉनने २०१५ पासून तीन वर्षं त्याची जागतिक स्पर्धा घेतली, तिथे युनिव्हर्सिट्यांचे रोबोसुद्धा पारदर्शक, लवचिक, गुंडाळलेल्या वस्तूंना अडखळायचे. आता रोबोचे हात सुधारतायत, स्पर्श कळणारा हातही अमेझॉनने २०२५ मध्ये दाखवलाय, त्यामुळे निवांत राहा असं मी म्हणणार नाही. स्कॅन न झालेला माल, स्टॉकमधला फरक, अडकलेला रोबो ही कामं मागून घेऊन शिका.

आणि खांद्याचं आत्ताच बोला. जड माल खांद्याच्या वरच्या किंवा गुडघ्याच्या खालच्या कप्प्यात भरायचा नाही हा नियम माल ठेवताना सिस्टिममध्ये टाकता येतो. तेवढंच मागा, सोबत दर दोन तासांनी स्टेशन बदलून आणि पायाखाली रबरी मॅट, तिघी-चौघींनी मिळून लेखी द्या.